मागच्या बाकावरच्या बाई

८ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार. तू, दाजी, पोरं सगळी बरी असाल. गुडघा कसा आहे? जिने चढणं कमी केलंस, की अजून 'मला काय धाड भरलीय' चालूच?

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून लिहितोय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, एवढाच फायदा.

तर मी शाळेत रुजू झालो. आठवी आणि नववीला भाषा शिकवतो. वर्षभर परिवीक्षेवर आहे, म्हणजे नोकरी आहेही आणि नाहीही. वर्तमानपत्र बंद पडल्यावर मी शिक्षकाचा अभ्यासक्रम धरला तेव्हा तू म्हणाली होतीस, "या वयात मास्तर होतोस? पोरं तुला बाजारात विकून खातील." ताई, तुझ्या तोंडात साखर पडो. पहिल्याच आठवड्यात विकून खाल्लं.

जन्मभर मी मुद्रितशोधक. छापायच्या आधी दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, एवढंच काम. त्या कामात माणूस समोर नसतो गं, फक्त मजकूर असतो. आणि वाचताना ओठ हलवायची मला सवय लागलेली. पोरांनी दुसऱ्या दिवशी माझं नाव 'पुटपुट सर' पाडलं. मी फळ्याकडे वळलो की अख्खा वर्ग पुटपुटायचा. मी ओरडायचो, माझा आवाज चिरकायचा, की पुन्हा हशा. एकदा तास संपल्यावर मी खेळाच्या सामानाच्या खोलीत जाऊन बसलो. जाळ्या, फाटके चेंडू, रबराचा वास. पुढचा तास सुरू झाल्याची घंटा ऐकली आणि उठलोच नाही.

मला तिथून बाईंनी उठवलं.

इथे नव्या शिक्षकाला एक जुना शिक्षक नेमून देतात, मार्गदर्शक म्हणून. माझ्या वाट्याला ज्या आल्या त्यांना सगळी शाळा नुसतं 'बाई' म्हणते. बाकीच्या शिक्षिकांना त्यांच्या त्यांच्या नावापुढे बाई. ह्या नुसत्या बाई. इतिहास शिकवतात, निवृत्तीला आल्यात. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, आवाज अगदी बारीक. तरी त्या वर्गात आल्या की पोरं आपसूक पेन खाली ठेवतात.

त्या दार ढकलून आत आल्या, चेंडूंच्या पोत्यावर माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्षी ही खोली नव्हती. मी पाण्याच्या टाकीमागे रडायचे. तुमची सोय चांगली आहे."

मला हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "चला, तुमच्या वर्गावर मी कविता चालू करून दिलीय. उरलेली तुम्ही घ्या. मी मागे बसते."

तेव्हापासून रोज एक तास त्या माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. तास संपला की एकच गोष्ट सांगतात. दुसरी विचारली तर म्हणतात, "आजचा खुराक संपला." एकदा म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि तुम्हीच उत्तर देऊन मोकळे होता. शांततेला का भिता? शांत बसलेलं मूल रिकामं नसतं." एकदा म्हणाल्या, "वह्या तपासता तेव्हा तुम्हाला फक्त चूक दिसते. ती कोणाची आहे ते बघायला लागा." पोरांसमोर मात्र त्यांनी मला एकदाही दुरुस्त केलं नाही. एकदा मी कवितेचा अर्थच उलटा सांगितला. त्या मागून हात वर करून म्हणाल्या, "सर, मला नीट समजलं नाही, परत सांगाल?" आणि मला सावरायला जागा मिळाली.

माझ्यासोबत आणखी एक जण लागला होता, आधी बँकेत होता. गणित शिकवायचा, माझ्यापेक्षा हुशार. त्यालाही मार्गदर्शक मिळाला, पण कागदावरचा. सही करायचा आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणायचा. बँकवाला परवा गेला सोडून. जाताना जिन्यात मला म्हणाला, "मला वाटलं, मीच नालायक आहे." त्याला तसं नाही हे सांगणारं इथे कोणी नव्हतं. मीही नाही सांगितलं, मला स्वतःचीच लंगोटी सांभाळायची होती.

तू काळजी करू नकोस. मी टिकेन असं वाटतंय. पोरांना माझ्या पत्राची गंमत वाटेल, वाचून दाखव.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांचं तुझ्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं होतं गं? म्हणजे अगदी पहिल्यांदा. सहज विचारतोय.

२३ नोव्हेंबर

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. "तू जन्मात कधी काही सहज विचारलेलं नाहीस. काय झालंय ते लिही." हे वाचून हसलो आणि मग बरेच दिवस उत्तरच लिहिलं नाही.

बाबांचं तू लिहिलंस ते मला माहीतच नव्हतं. रोजच्या वळणावर स्कूटर थांबवून उभे राहिले आणि तुला म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. आणि आभाळ भरलेलं होतं. तू लिहिलंयस, "मी त्या दिवशीच समजले, पण वर्षभर त्यांना ऊनच लागतंय असं धरून चालले." ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

माझं ठीक चाललंय. आठवी आता पुटपुटत नाही. नववीतली एक मुलगी आहे, भिंतीला चिकटून चालते म्हणून पोरं तिला 'मुंगी' म्हणतात. कधी तोंड उघडत नाही. मी एक प्रश्न विचारून गप्प उभा राहिलो, बाईंनी शिकवल्यासारखा. वर्ग चुळबुळला, पण मी दम धरला. शेवटी मुंगी बोलली. दोनच वाक्यं, पण अशी की मला सुचली नसती. मागे बघितलं तर बाई डोळे पुसत होत्या. ताई, छापखान्यात एवढी वर्षं काढली, कोणी माझ्या कामासाठी डोळे पुसले नव्हते.

आता ते दुसरं.

तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी चहा पिताना बाईंनी मला पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी कशा रडायच्या, शिपायानं कसं पकडलं, तो काय म्हणाला. मी हसलो. कप विसळून आलो तर त्यांनी तीच गोष्ट सुरू केली. त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून. कधी कधी पानावर एकच परिच्छेद दोनदा लागतो, तेव्हा नजर पुढे जातच नाही, अडखळते. तसा मी अडखळलो. आणि दुसऱ्यांदाही हसलो.

मग मी बघायला लागलो. सवयच ती. बाई मला मध्येच 'बँकवाले' म्हणाल्या. नववीला कालच शिकवलेला धडा आज कोरा असल्यासारखा शिकवला. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि दमच दिला, "बाई तुमची उजळणी घेत होत्या. हसलात तर गाठ माझ्याशी आहे." ऐकलं त्यांनी. पहिल्यांदाच माझा दम कोणी ऐकला, तोही खोटा.

आता मी बाईंच्या तासालाही मागे जाऊन बसतो. शिकायला म्हणून. मुख्याध्यापक सगळ्यांना सांगतात, "बघा, याला म्हणतात जिज्ञासा." मी तिथे बसतो ते धडा चुकला तर खोकायला. माझा खोकला त्यांना कळतो. त्या थांबतात, पान बघतात, पुढे जातात. याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढलेला नाही.

हे मी त्यांच्या मायेपोटी करतोय असं तुला लिहिणार होतो. तेही आहे. पण मार्चमध्ये माझ्या नेमणुकीचा अहवाल बाईच लिहिणार आहेत. त्या गेल्या तर माझ्या मागे कोण बसेल? बँकवाल्याच्या मागे कोणी नव्हतं, त्याचं काय झालं ते मी बघितलंय. म्हणजे मी त्यांना झाकतोय की स्वतःला, मला सांगता येत नाही.

तू बाबांना कसं सांगितलंस गं? कुठे बसून? पहिलं वाक्य काय होतं? आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. आतून काही ऐकूच आलं नाही, फक्त तू स्कूटरची किल्ली मुठीत धरून बाहेर आलीस.

तुझा,
धाकटा

१९ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय. "आधी त्यांना स्वतःला सांग, त्यांच्या मागे कोणाला नाही. लवकर सांग. आणि त्या तुला माफ करतील अशी आशा ठेवू नकोस. बाबा मला शेवटपर्यंत किल्लीचोर म्हणत होते." लवकर सांग, हे तू अधोरेखित केलं होतंस. मी लवकर सांगितलं नाही. म्हणून इतके दिवस तुला लिहायला तोंड नव्हतं.

जानेवारीत चाचणी परीक्षा झाली. नववीचा पेपर बाईंचा, मी नेहमीसारखा मागे. मुंगी सगळ्यात शेवटी लिहीत होती. तिनं पेपर दिला तेव्हा बाईंनी तो गुंडाळून तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, "झालं एकदाचं? कादंबरी लिहिलीस की काय?" मुंगी हसली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पेपर वाटले. मुंगीचा नव्हता. बाई म्हणाल्या, "तू पेपर दिलाच नाहीस."

"दिला होता, बाई."

"मी काय आंधळी आहे?"

"दिला होता."

आणि ताई, त्या बारीक आवाजाच्या बाई, ज्या कोणाला कधी अरे म्हणाल्या नाहीत, त्या भर वर्गात किंचाळल्या, "खोटारडी! खोटारडी आहेस तू!"

मुंगीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं मी बघितलंय. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. मी खोकलो. तेवढंच जमलं मला. त्या दिवशी बाईंना माझा खोकला कळला नाही.

बाईंच्या शब्दावर शाळेत कोणी शंका घेत नाही. तिच्या वडिलांना बोलावलं. ते गॅरेजमधून तसेच आले, हात काळे. ऑफिसात त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही, उलट्या हातानं तिच्या कानाखाली ठेवून दिली. मी दारात उभा होतो. तिच्या गालावर ग्रीसचा डाग उमटला. दुसऱ्या दिवसापासून मुंगी शाळेत यायची बंद झाली.

थप्पड बसली त्याच संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. एकट्या राहतात, दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. फक्त गॅसच्या बटणाला चिठ्ठी चिकटवलेली, 'बंद केला का?' म्हणजे त्यांना कळत होतं. मी बसलो आणि म्हणालो, "बाई, मुंगीनं पेपर दिला होता. तुम्ही तिला टपलीही मारली होती. तुम्ही विसरताय. बरेच महिने विसरताय. मला माहीत आहे."

मला बोलत सुटावंसं वाटलं, धीराचे शब्द, डॉक्टर, औषध, काहीबाही. मी गप्प बसलो. ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

खूप वेळानं त्या म्हणाल्या, "तुम्हाला अजून धड वर्ग आवरत नाही. आणि माझी परीक्षा घ्यायला आलात?"

"नाही, बाई."

"माझ्या मागे बसत होतात ते यासाठी? पाळत ठेवायला?"

"नाही, बाई."

"उठा."

मी उठलो. दार लावताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्या खोलीतून उठवायला नको होतं मी."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. पेपर कुठे सापडला नाही, आजपर्यंत नाही. पण मी समोर बघितलं होतं आणि तसं म्हणालो. बाकीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" खरं सांगितल्यावर म्हणाले, "मग त्या पोरीला थप्पड बसली त्यात तुमचाही हात आहे." मी हो म्हणालो. आहेच.

बाईंना रजेवर पाठवलं. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही. मी आलो की चहाचे कप उचलून पांगतात. खेळाचे सर तोंडावर म्हणाले, "ज्यांनी हाताला धरून चालायला शिकवलं, त्यांच्याच मुळावर उठलास." अहवाल लिहिलाच गेला नाही, म्हणून माझी परिवीक्षा आणखी एक वर्ष वाढवलीय. नवा मार्गदर्शक दिलाय. तो बँकवाल्याचाच जुना. काही लागलं तर सांगा, म्हणतो.

मुंगीच्या घरी मी गेलो. तिच्या वडिलांना सांगितलं, पोरगी खरं बोलत होती, चूक आमची. ते ऐकत राहिले आणि आपल्याच हाताकडे बघत बसले. सोमवारपासून ती परत येऊ लागली. तीच भिंत, तोच बाक. पण आता मी प्रश्न विचारून कितीही वेळ थांबलो तरी ती बोलत नाही. मी थांबतो. तिची नजर माझ्यावरच असते, आणि ती बोलत नाही.

गेल्या आठवड्यात बाई सामान न्यायला आल्या. भाची सोबत होती, ती त्यांना आपल्या गावी नेणार. त्यांचं कपाट रिकामं करायला कोणी पुढे होईना. बाईंना अशा अवस्थेत बघवत नव्हतं म्हणा, की मी तिथे होतो म्हणून. शेवटी मीच खोका धरला. त्या एकेक पुस्तक उचलून देत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मध्येच थांबल्या.

"त्या मुलीला मी काय म्हणाले होते?"

भाची मागून मान हलवत होती, नको, सांगू नका. मला सोपं काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "खोटारडी म्हणालात. दोनदा. सगळ्या वर्गासमोर."

त्या कपाटाला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तिच्याकडे घेऊन चला."

नववीला त्या वेळी माझाच तास होता. त्या माझा दंड धरून आत आल्या. पोरं उभी राहिली. बाई मुंगीच्या बाकापाशी गेल्या आणि हात जोडले. त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. म्हणाल्या, "तू पेपर दिला होतास. मी तुला खोटं पाडलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. पण सर सांगतात म्हणजे ते तसंच झालंय. या माणसाच्या शब्दावर माझा विश्वास आहे. बाळा, मला माफ कर."

ताई, हा माझा अहवाल. लिहिलेला नाही, कुठे जमा होणार नाही. पण मला मिळाला.

मुंगी उभी राहिली होती. ती काहीच बोलली नाही. बाकावरच्या पट्टीकडे बघत राहिली. बाईंनी वाट बघितली. त्यांना तिच्या तोंडून एक शब्द हवा होता, आणि तो मागायचा नाही हेही त्यांनाच ठाऊक होतं. मग भाची आली आणि त्यांना घेऊन गेली.

वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी भाचीचा फोन आला. म्हणाली, "आत्या दुपारपासून कासावीस झाल्यात. दप्तर भरून दाराशी बसल्यात. म्हणतात, एका मुलीची माफी मागायची राहिलीय. मी सांगून थकले, माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोलता का?"

मी बोललो. "बाई, तुम्ही माफी मागितलीत. मी तिथेच होतो."

"नक्की?"

"हो, बाई."

"मग ती काय म्हणाली?"

ताई, शिव्या दिल्याचं, ओरडल्याचं, थप्पड बसल्याचं त्यांना आता काही आठवत नाही. हे एवढंच राहिलंय, सल राहिलाय आणि ज्यानं तो निघाला असता ती माफी मागितल्याची आठवण गेलीय. मी फोन कानाला धरून उभा होतो. मुंगी काही बोलली नाही हे खरं होतं. मी म्हणालो, "म्हणाली, ठीक आहे बाई."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "चांगली पोरगी आहे."

आता रोज साडेसहाला फोन येतो. रोज त्या नव्यानं विचारतात, रोज मी तेच सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात जाऊन त्या न बोलणाऱ्या मुलीसमोर उभा राहतो. त्यांनी जिच्यासमोर माझ्या शब्दाची साक्ष दिली, तिच्याच नावावर मी त्यांना रोज खोटं सांगतो.

शाळा मी सोडणार नाही. तू विचारशील म्हणून लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी दहावीची भाषाही माझ्याकडे येतेय, म्हणजे मुंगीला अजून एक वर्ष माझ्या वर्गात काढायचंय. ती बोलेल की नाही माहीत नाही. मी प्रश्न विचारून थांबायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

बाबा तुला किल्लीचोर म्हणायचे तेव्हा तू काय उत्तर द्यायचीस? मला आठवतंय तसं तू 'हो बाबा' म्हणायचीस आणि पाण्याचा पेला पुढे करायचीस. आम्हाला तेव्हा वाटायचं, ताईला काही लागतच नाही.

सुट्टीत येतो. गुडघ्याला जप.

साडेसहा होत आलेत, फोन वाजतोय.

तुझा,
रोज 'हो बाई' म्हणणारा भाऊ